न आलेल्या पुस्तकाला एक तारा

खूणचिठ्ठी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आधी कोणी काढला असेल तर ॲडमिननी खुशाल उडवावा.

काल एका आवडत्या लेखिकेच्या नव्या कादंबरीची बातमी वाचली. मुखपृष्ठ आलंय, मागचा चार ओळींचा मजकूर आलाय, पुस्तक यायला अजून साडेतीन महिने. म्हटलं यादीत टाकून ठेवू, म्हणून वाचकांच्या साइटवर गेले तर तिथे आधीच २.१! एक तारा देणारे दोनशे. खाली जाऊन वाचलं तर एकानेही पुस्तक वाचलेलं नाही (वाचणार कुठून, छापलंय कुठे). कोणाला लेखिकेची जुनी मुलाखत खटकली होती, कोणाला मुखपृष्ठावरची बाई आवडली नाही, एकाने तर सरळ लिहिलंय "सगळे देतायत म्हणून मीपण". आणि दुसऱ्या बाजूला पाच तारे देणारेही आहेतच, "कधी एकदा येतंय असं झालंय!!!" वगैरे. म्हणजे त्यांनीही वाचलेलं नाहीच.

मी गेली दहाएक वर्षं त्या आकड्यावर विसंबून पुस्तकं उचलतेय, साडेतीनच्या खाली असेल तर हातच लावत नाही. आता विचार करतेय की अशी किती चांगली पुस्तकं हातची घालवली असतील. तर प्रश्न असा की पुस्तक यायच्या आधी तारे देऊच का द्यावेत? आणि तुम्ही लोक त्या आकड्याचं नक्की करता काय?

टिंबटिंब | सोमवार, रात्री ९:४२

पहिला!!
(लोक पुस्तक न वाचता तारे देतात तर मी धागा न वाचता प्रतिसाद का देऊ नये)

बेरीजवजाबाकी | सोमवार, रात्री ९:५८

दोनशे जणांनी एक दिला आणि सरासरी २.१ आहे म्हणजे पाच देणारे साधारण ७६ असणार. मधले कोणीच नसतील तर. सांगायचा मुद्दा, २.१ मत असलेला एकही माणूस तिथे नाहीये. दोन टोळ्या आहेत आणि आपण त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेला पुस्तकाचा दर्जा म्हणतोय.

कोपऱ्यातला | सोमवार, रात्री १०:२०

आधी तारे देऊ नका म्हणणं सोपं आहे पण त्यात एक गोची आहे. प्रकाशक पुस्तक यायच्या काही महिने आधी आगाऊ प्रती वाटतात, नेटगॅलीसारख्या ठिकाणी मागून मिळतात, मी स्वतः घेतो. त्यावर शिक्का असतो की ही अंतिम प्रत नाही, मुद्रितशोधन व्हायचंय. बदल्यात अपेक्षा एवढीच की वाचून चार ओळी लिहा. नवख्या लेखकाला पहिल्या दिवशी चाळीस-पन्नास परीक्षणं तयार मिळणं ही मोठी गोष्ट असते, नाहीतर त्याच्याकडे बघतंय कोण. म्हणून साइटवाले दार आधीपासून उघडं ठेवतात. मग त्याच दारातून मोर्चा आत शिरतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्टचं. जून २०२३ मध्ये तिने नव्या कादंबरीची घोषणा केली, सायबेरियात घडणारी गोष्ट, विसाव्या शतकातलं एक कुटुंब सोव्हिएत समाजापासून तुटून जंगलात राहायला जातं अशी. प्रकाशन फेब्रुवारी २०२४ ला होणार होतं. युक्रेनच्या वाचकांनी गुडरीड्स या वाचकांच्या साइटवर काही दिवसांत पाचशेच्या वर एक-तारे टाकले आणि तिने पुस्तकच मागे घेतलं. कोणीही एक पान वाचलेलं नसताना.

भोचक_भवानी | सोमवार, रात्री १०:४१

@कोपऱ्यातला, हे उदाहरण दर वेळी "बघा कसे मूर्ख लोक" या सुरात येतं म्हणून लिहितेय. ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडत होते त्यांनी "आत्ता रशियात रमणारी गोष्ट नको" म्हटलं तर ते पुस्तकाचं परीक्षण नव्हतंच, ते गाऱ्हाणं होतं. ते कुठे मांडायचं? प्रकाशकाला पत्र लिहिलं असतं तर कोणी वाचलं असतं का? एक तारा हे एकच बटण सामान्य वाचकाच्या हातात आहे आणि त्याचा आवाज लांबपर्यंत जातो हे त्याला कळलंय. आणि पुस्तक मागे घ्यायचा निर्णय लेखिकेचा होता, साइटने काही काढून टाकलं नाही.

कोपऱ्यातला | सोमवार, रात्री १०:५५

गाऱ्हाणं खरं होतं, मान्य. पण थर्मामीटर रागाने आपटला म्हणून ताप मोजला असं होत नाही ना. उद्या त्याच बटणाने कोणीही कोणालाही गप्प करेल.

भोचक_भवानी | सोमवार, रात्री ११:०२

करतातच. पण मग थर्मामीटर बनवणाऱ्याला विचारा की, वाचकाला काय विचारताय.

वाळवी | सोमवार, रात्री ११:३०

डुआयडीचा (डुप्लिकेट आयडी, एकाच माणसाची दुसरी खोटी खाती) विषय अजून कसा निघाला नाही? डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत एका नवोदित लेखिकेने भलतीच खाती काढून आपल्यासारख्याच पहिलटकर लेखकांच्या पुस्तकांना एकेक तारा दिला आणि स्वतःच्या न आलेल्या पुस्तकाचं कौतुक केलं. पकडली गेल्यावर आधी "मैत्रिणीने केलं", मग कबुली. डेल रे या प्रकाशनाने पुस्तक काढायचं रद्द केलं, एजंटनेही हात झटकले. ज्यांना तारे दिले त्यांची पुस्तकं तिच्याच आसपास येणार होती, म्हणजे खरं तर एकमेकांना धरून उभं राहायची माणसं.

पण हे नवीन आहे असं समजू नका. २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडाच्या साइटवर काहीतरी बिघडलं आणि निनावी परीक्षणांच्या खाली खरी नावं दिसायला लागली, तेव्हा काही लेखक स्वतःच्याच पुस्तकांचे चाहते निघाले. २०१० मध्ये ब्रिटिश इतिहासकार ऑर्लँडो फायजेस, निनावी खात्यातून प्रतिस्पर्ध्यांना झोडपायचे आणि स्वतःची वाहवा. प्रकरण बाहेर आल्यावर आधी बायकोने लिहिलं म्हणाले, मग मीच म्हणाले.

आणि अजून मागे जा. १८५५ मध्ये वॉल्ट व्हिटमनने 'लीव्ज ऑफ ग्रास' स्वतः छापून घेतलं, खपेना, मग स्वतःच त्यावर निनावी परीक्षणं लिहिली. त्यातलं एक "अखेर एक अमेरिकन कवी!" अशा थाटात सुरू होतं. वॉल्टर स्कॉटने १८१७ साली 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त आपल्याच कादंबऱ्यांबद्दल निनावी लिहिलं होतं. डुआयडी ही थोर साहित्यिक परंपरा आहे.

टिंबटिंब | सोमवार, रात्री ११:३४

वरचा वाळवीचा प्रतिसाद अप्रतिम, अभ्यासपूर्ण, डोळ्यात पाणी आणणारा. पाच तारे.
- वाळवी

वाळवी | सोमवार, रात्री ११:३६

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). लॉगआउट करायचं राहिलं वाटतं माझं.

शाईचा_डाग | मंगळवार, सकाळी ७:१५

मी बहुतेक वेळा फक्त वाचते इथे, पण आज लिहितेच. माझं एक पुस्तक आहे, नाव सांगत नाही. वर्षभरात त्याला अकरा जणांनी तारे दिले होते, बेरीज ४७, म्हणजे ४.२७. हा आकडा मला पाठ आहे यावरून काय ते समजा. मग एका सकाळी बारावा आला, एक तारा, खाली एक अक्षर नाही. ४.०० झालं. त्या माणसाच्या पानावर गेले तर त्याने एकाच दिवशी तीसेक पुस्तकांना एकेक तारा दिलेला. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मी दोन दिवस माझं पुस्तक काढून वाचत बसले की त्याला काय दिसलं असेल. पान ५३ वर एक वाक्य खरंच वाईट आहे. त्याच्यामुळे नाही दिला तारा त्याने, मला माहितेय, पण आता ते वाक्य मला दिसतं.

पुढची गंमत वेगळीच. दोन महिन्यांनी एक ईमेल आला, एका वाचक मंडळाकडून. माझ्या नायकाच्या भावाबद्दल, तळघरातल्या प्रसंगाबद्दल असं काही बारीक लिहिलं होतं की माझा ऊर भरून आला, असं वाचणारं कोणीतरी आहे म्हणून. तिसऱ्या ईमेलला कळलं की "विशेष चर्चासत्रा"साठी शुल्क आहे. मग मजकूर नीट वाचला, सगळं मागच्या मजकुरातून आणि दोन परीक्षणांतून मशीनने शिवलेलं. वाईट याचं वाटलं की माझ्या पुस्तकावर आजवर लिहिलेली सगळ्यात चांगली समीक्षा तीच आहे.

फडताळ | मंगळवार, सकाळी ८:०५

@शाईचा_डाग, मिठी. पान ५३ कुठलं ते विपूत (खाजगी विचारपुशीत) सांगा :)

खूणचिठ्ठी | मंगळवार, सकाळी ८:३०

बापरे शाईचा_डाग. आणि हो, मी अशा बाराव्या माणसाच्या ताऱ्यावर पुस्तकं नाकारत आले हे वाचून फार ओशाळल्यासारखं झालं.

बेरीजवजाबाकी | मंगळवार, सकाळी ९:१०

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. आयएमडीबी सिनेमांच्या पहिल्या अडीचशेच्या यादीसाठी भारित सरासरी वापरतं, म्हणजे मतं थोडी असतील तर आकडा सगळ्या सिनेमांच्या सरासरीकडे ओढून धरायचा आणि मतं वाढतील तसा सोडायचा. पुस्तकांना हे लावलं तर अकराचे बारा झाल्यावर आकडा इतका हलणार नाही. अर्थात दोनशे एक-ताऱ्यांपुढे हेही हात टेकेल.

आणि एक, ताऱ्यांचा अर्थच लोकांना माहीत नसतो. गुडरीड्सवर दोन ताऱ्यांवर बाण नेऊन बघा, "ठीक होतं" असं येतं. तीन म्हणजे "आवडलं". आणि आपण तीनला नापास समजतो! त्यामुळे सगळी पुस्तकं साडेतीन आणि सव्वाचार यांच्या बोळात दाटीवाटीने उभी.

अर्धवटराव | मंगळवार, सकाळी ९:४४

अर्धं वाचून सोडलेल्या पुस्तकाला तारे द्यावेत का? मी ४० पानांनंतर सोडलं तर एक देतो. माझं म्हणणं चाळीस पानांत जो पकडत नाही त्याची चूक.

मायना | मंगळवार, सकाळी ९:५०

देऊ नयेत. "सोडलं" एवढं लिहावं आणि का ते लिहावं. स्टोरीग्राफ या साइटवर त्यासाठी वेगळी खूण आहे, शिवाय पाव-पाव ताऱ्याने देता येतात, ३.७५ वगैरे.

अर्धवटराव | मंगळवार, सकाळी ९:५३

पाव तारा कशाचा कापला हे सांगता येईल का तुम्हाला? पान ५३ चा?

मायना | मंगळवार, सकाळी १०:०१

अर्धवटराव, खोड काढू नका. ह. घ्या. (हलके घ्या) असं लिहायचं राहिलं तुमचं.

फडताळ | मंगळवार, दुपारी १:२०

आता जरा सविस्तर लिहितो. मी एका साइटवर स्वयंसेवक आहे, पुस्तकांच्या नोंदी दुरुस्त करायचं काम. फुकट. गुडरीड्सवर अशा लोकांना लायब्ररियन म्हणतात, खात्यात किमान ५० पुस्तकं असली की अर्ज करता येतो. माझी साइट कुठली ते जाऊ दे.

लोकांना वाटतं तारे पुस्तकाला मिळतात. तारे मिळतात नोंदीला. एका पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या एकत्र बांधलेल्या असतात: जाड पुठ्ठ्याची, साधी, ईबुक, ऑडिओ, अनुवाद, सगळं. ताऱ्यांची बेरीज एकच. त्यामुळे ऑडिओमध्ये वाचणाऱ्याचा आवाज किरकिरा म्हणून दिलेला एक तारा मूळ कादंबरीला लागतो. अनुवादकाने वाट लावली तर शिक्षा लेखकाला, आणि अनुवादकाने जीव ओतला तर श्रेयही लेखकालाच. गेल्या आठवड्यात एका कादंबरीवर "शेवटच गायब आहे, पान १९२ नंतर एकदम मागचं कव्हर" म्हणून दोन तारे होते. शोधलं तर ती मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती, कोणीतरी मूळ पुस्तकाला जोडलेली. वेगळी काढली. ४४ जणांचे तारे इकडून तिकडे गेले, एकालाही कळलं नसणार.

मग आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची गंमत. २००७ पासून तो तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता आणि शेवटी कधीकधी एक्स असायचा, कारण तो तपासणीचा अंक अकराच्या भागाकारातून येतो आणि दहा आला तर एका जागेत लिहायचा कसा. लोक तो एक्स टायपिंगची चूक समजून खोडतात, की झाली नवी अनाथ नोंद. काही छोटे प्रकाशक जुनाच क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला चिकटवतात, मग बागकामाच्या पुस्तकाखाली "खुनी कोण ते शेवटपर्यंत कळत नाही" अशी परीक्षणं.

हल्लीचा त्रास म्हणजे मशीनने लिहिलेली पुस्तकं भलत्यांच्या नावावर. जेन फ्रीडमन प्रकाशन व्यवसायावर लिहितात, ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना आपल्याच नावाची अशी पुस्तकं सापडली जी त्यांनी लिहिलेलीच नव्हती, ॲमेझॉनवरही आणि गुडरीड्सवरच्या त्यांच्या पानावरही. "हे माझं नाही" हे सिद्ध करण्यात लेखकाचा वेळ जातो.

खूणचिठ्ठी | मंगळवार, दुपारी १:४५

फडताळ, हे सगळं तुम्ही फुकट करता??

फडताळ | मंगळवार, दुपारी १:४८

बायकोही हेच विचारते.

जुनीजाणती | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली). फडताळांचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून यायला हवा.

मी या साइट्स लायब्ररीथिंगच्या काळापासून बघतेय, ती २००५ ची, गुडरीड्स २००७. तेव्हा तारे गौण होते, माणसं ओळखीची व्हायची. एक बाई फक्त समुद्रावरची पुस्तकं वाचायची आणि जहाजाच्या दोरांची नावं चुकली की लेखकाला फाडून खायची. तिचा एक तारा म्हणजे मला हमखास आवडणारं पुस्तक, कारण मला दोरांशी काही देणंघेणं नव्हतं!

मार्च २०१३ मध्ये ॲमेझॉनने गुडरीड्स घेतलं. त्याच सप्टेंबरात नियम बदलला की लेखकाच्या वागण्यावर लिहिलेली परीक्षणं आणि त्यासाठी केलेले कप्पे (पुस्तकांच्या याद्या) काढून टाकणार. काही लोकांचं लिखाण गेलं, त्यांनी खूप आरडाओरडा केला. आज आपण म्हणतोय लेखकाच्या मुलाखतीवरून तारे देऊ नका, तेव्हा नेमकं हेच काढलं तर आपणच सेन्सॉरशिप म्हणून ओरडलो होतो. मीही ओरडले होते. आता दोन्ही बाजूंनी बोलता येतं मला.

भोचक_भवानी | मंगळवार, संध्याकाळी ६:५२

@जुनीजाणती +१. ही आठवण कोणीतरी करून द्यायला हवी होती.

नाही_रे | मंगळवार, रात्री ८:१५

पुरस्कार मिळाला की तारे घसरतात हे माहितेय का? कोवाच आणि शार्की या दोघांचा २०१४ चा अभ्यास आहे, पुरस्कार मिळालेली आणि अंतिम यादीत येऊन हुकलेली पुस्तकं घेतली आणि गुडरीड्सवरचे तारे आधी-नंतर तपासले. जिंकलेल्यांचे जास्त घसरले. कारण सरळ आहे, पुरस्काराचं नाव ऐकून अशीही माणसं ते पुस्तक उचलतात ज्यांची ती आवडच नाही. म्हणजे आकडा खाली गेला याचा अर्थ पुस्तक चुकीच्या हातात गेलं असाही असू शकतो.

चष्मेबद्दूर | मंगळवार, रात्री ८:४०

मग वर्तमानपत्रातली परीक्षणं वाचा की लोकहो, तिथे निदान कोणीतरी नाव लावून लिहितं.

वाळवी | मंगळवार, रात्री ८:५१

कुठली वर्तमानपत्रं? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सप्टेंबर २०२५ पासून पुस्तक परीक्षणं बंद केली. आणि मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्सच्या पुरवणीत उन्हाळी वाचनाची यादी आली होती, १५ पुस्तकं, त्यातली १० अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तकं मशीनने रचलेली. इसाबेल आयेंदेच्या नावावरही एक होतं. आणि नावाचं म्हणाल तर त्या यादीवर लिहिणाऱ्याचं नावच नव्हतं.

अर्धवटराव | मंगळवार, रात्री ८:५५

म्हणजे आता न लिहिलेल्या पुस्तकांची शिफारस पण मिळते. न आलेल्याला तारे, न लिहिलेल्याची शिफारस, मी उगाच चाळीस पानं वाचत होतो.

मायना | मंगळवार, रात्री ९:३०

धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाचं कोणी उत्तरच दिलं नाही. मी सांगते. मी आकडा बघत नाही, तीन तारे देणाऱ्यांचं वाचते. पाचवाले प्रेमात असतात, एकवाले रागात, तीनवाल्याला बिचाऱ्याला दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. आणि जुनीजाणतींसारखं माणूस पकडायचं. माझा एक आहे, गेली सहा वर्षं त्याला जे कंटाळवाणं वाटतं ते मला आवडतं. "काहीच घडत नाही, नुसते बोलत बसतात" असं त्याने लिहिलं की मी लगेच पुस्तक मागवते.

कोपऱ्यातला | मंगळवार, रात्री ९:४५

पहिल्या प्रश्नावर माझं आता असं मत झालंय की आगाऊ प्रत मिळालेल्यांनाच आधी लिहू द्यावं, बाकीच्यांना "वाचायचंय" एवढंच बटण. प्रत कोणाला दिली हे प्रकाशकाला माहीत असतंच. भोचक_भवानी, गाऱ्हाण्यासाठी वेगळी खिडकी ठेवा हवं तर, पण तिच्यातून आकडा हलू नये.

भोचक_भवानी | मंगळवार, रात्री ९:५८

आकडा हलणार नसेल तर त्या खिडकीत कोण बसणार, आणि ऐकणार कोण? असो. कधी नव्हे ते तुमच्याशी अर्धी सहमत, आगाऊ प्रतीवाल्या अर्ध्याशी.

खूणचिठ्ठी | बुधवार, सकाळी ७:५०

सगळ्यांचे धन्स, रात्री सगळं परत वाचलं. काल माझ्या "साडेतीनच्या खाली" म्हणून सोडलेल्या यादीतलं एक काढलं, ३.२१ वालं. मायनाच्या सल्ल्याने तीनवाल्यांचं वाचलं. एकीने लिहिलं होतं की अर्धं पुस्तक आजी आणि नात कपाट आवरतात आणि एकेक वस्तूवरून भांडतात, बाकी काही नाही. मी साठ पानं वाचली. अजून दुसराच खण चाललाय. मला फार आवडतंय.

नव्या कादंबरीचं म्हणाल तर साडेतीन महिने थांबते.

टिंबटिंब | बुधवार, सकाळी ८:१०

आत्ता धागा वाचला. मध्यंतरात थोडा रेंगाळतो, फडताळ हे पात्र छान उभं राहिलंय. तीन तारे.

फडताळ | बुधवार, सकाळी ८:४०

:D
रच्याकने (बाय द वे), खूणचिठ्ठी, तुम्ही म्हणताय ते पुस्तक आमच्याही साइटवर शोधलं. कोणीतरी प्रकाशनाचं वर्ष गेल्या वर्षीचं टाकून ठेवलं होतं आणि पानांची संख्या १. तारीख दुरुस्त केली, पानं रिकामी सोडली. ताऱ्यांना हात लावायची परवानगी मला नाही.